कंपनीने अब्रूनुकसानीची नोटीस पाठवली तर

खाणी गोव्यातल्या, कंपनी गोव्यातली, तिच्याविरुद्ध लिहिणारा माणूसही गोव्यातलाच. केस मात्र घातली गेली कोलकात्याच्या उच्च न्यायालयात, आणि मागणी ५०० कोटी रुपयांची. खाणधंदा तेजीत होता त्या काळातली ही गोष्ट. कंपनी फोमेंतो आणि लिहिणारा म्हणजे खाणविरोधी चळवळीतले सेबास्तियन रॉड्रिग्स. पेडण्याच्या माणसाला कुळ-मुंडकाराच्या केसीसाठी मामलेदाराकडे चार खेपा घालायच्या म्हटल्या तरी दिवस मोडतो. त्याने कोलकात्याला तारखेसाठी कसे जायचे? निकाल काय लागेल हा प्रश्न पुढचा. आगगाडीचे तिकीट, तिथला वकील आणि बुडालेला रोजगार यांतच माणूस अर्धा संपतो.

हा लेख हळर्ण, तळर्ण, इब्रामपूर, चांदेल, डिचोली, मये या भागात कंपन्यांबद्दल लिहिणाऱ्या लोकांसाठी आहे. एखाद्या दैनिकाचे अर्धवेळ वार्ताहर, साप्ताहिक किंवा पाक्षिक चालवणारे संपादक, वाचकांच्या पत्रव्यवहारात नियमाने लिहिणारे शिक्षक, आणि वार्ताहराने विचारले की नावानिशी बोलणारे ग्रामस्थ, अशा सगळ्यांसाठी. मोपला विमानतळ झाल्यापासून पेडण्यात जमीन, बांधकाम, खडी आणि रेती यांचे व्यवहार वाढले आणि त्यांवर लिहिणारेही वाढले. डिचोलीत लिलावानंतर खाणी पुन्हा सुरू होत आहेत. अशा वेळी वकिलाचा लिफाफा कधीतरी येणारच असे धरून चालावे.

मोठ्या दैनिकांना असा लिफाफा येत नाही असे नाही, पण गोव्याची गंमत वेगळी आहे. इथली काही जुनी वृत्तपत्रेच खाणमालकांनी काढलेली. ‘गोमन्तक’ १९६२ साली चौगुल्यांनी सुरू केले, ‘नवहिंद टाइम्स’ धेंपो समूहाचे. मालक आणि वर्तमानपत्र एकाच घरातले असल्यावर दावा कोण कोणावर लावणार? म्हणून माझ्या मते लिफाफ्याचा पत्ता बहुधा लहान माणसाचाच असतो. त्याच्यामागे ना कायदा विभाग असतो ना विमा.

आधी कायद्याचे थोडक्यात. कंपनीलाही अब्रू असते, हे कायद्याला मान्य आहे. अब्रूनुकसानीचे मार्ग दोन. पहिला दिवाणी दावा, त्यात पैसे आणि मनाईहुकूम मागतात. दुसरा फौजदारी, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली. १ जुलै २०२४ पूर्वी हेच जुन्या दंड संहितेचे कलम ४९९ आणि ५०० होते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नव्या कायद्यात समाजसेवेचीही सोय आहे. हा गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र आहे. म्हणजे कंपनीचा माणूस ‘पोलीस पाठवतो’ म्हणाला तर घाबरू नये, पोलीस वॉरंटाशिवाय यात अटक करू शकत नाहीत. नव्या प्रक्रिया संहितेप्रमाणे तक्रारीची दखल घेण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याला तुमचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. ही संधी वाया घालवू नका. सरकार, पंचायत किंवा नगरपालिका यांना संस्था म्हणून तुमच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ऑटो शंकर प्रकरणात सांगितले. सरपंच किंवा पंच मात्र स्वतःच्या नावाने लावू शकतात, आणि कंपनी तर लावतेच.

दाव्यातल्या आकड्याने गडबडून जाऊ नका. तो वादीच्या मनातला आकडा असतो. न्यायालय द्यायचे झाले तर पुराव्यावरून देते.

आता ज्या प्रकरणातून सर्वांत जास्त शिकण्यासारखे आहे ते. २०१५ च्या जूनमध्ये ‘मनीलाइफ’ या मुंबईच्या नियतकालिकाने राष्ट्रीय शेअर बाजाराविषयी, म्हणजे एनएसईविषयी, एक लेख छापला. काही दलालांना एनएसईच्या संगणकांपर्यंत इतरांच्या आधी पोहोचता येते आणि त्यातून त्यांना फायदा होतो, असा आरोप करणारे एक निनावी पत्र शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला गेले होते आणि त्याची प्रत या नियतकालिकाकडे आली होती. ‘मनीलाइफ’चे पत्रकार सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांनी ते पत्र हाती आले म्हणून लगेच छापले नाही. एनएसईच्या वरिष्ठांना त्यांनी लेखी विचारणा केली. उत्तर आले नाही, तेव्हा लेख छापला. एनएसईने मुंबई उच्च न्यायालयात १०० कोटींचा दावा लावला आणि लेख ताबडतोब हटवण्याची मागणी केली. ९ सप्टेंबर २०१५ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती मागणी फेटाळली. एवढ्यावर न थांबता त्यांनी एनएसईला ५० लाख रुपये भरायला सांगितले. त्यांतले दीड-दीड लाख दोघा पत्रकारांना आणि उरलेले ४७ लाख मुंबईतल्या टाटा मेमोरियल आणि मसीना या रुग्णालयांना. पुढे त्याच विषयावर सेबीची चौकशी झाली, सीबीआय आली, आणि २०२२ मध्ये एनएसईच्या माजी प्रमुख चित्रा रामकृष्ण यांना अटकही झाली. पण पत्रकारांचे पारडे २०१५ मध्येच जड झाले, तेव्हा यातले काहीच घडलेले नव्हते. आरोप खरा ठरला म्हणून नव्हे, तर छापण्याआधी विचारले होते आणि विचारल्याचा कागद हाती होता म्हणून.

तुमच्या टेबलावर हे असे उतरवा. कंपनीबद्दल लेख तयार झाला की तो पाठवण्याआधी कंपनीला एक पत्र लिहा. ईमेलने पाठवा आणि शक्य असेल तर स्पीड पोस्टनेही. मजकूर असा असू शकतो: ‘आपल्या प्रकल्पाविषयी आमच्या अमुक तारखेच्या अंकात लेख येत आहे. त्यात पुढील तीन बाबी येणार आहेत. या बाबींवर आपले म्हणणे अमुक तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत मिळाल्यास ते लेखात देऊ. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत सोबत जोडली आहे.’ बाबी मोघम लिहू नका. ‘प्रदूषणाबद्दल काय म्हणायचे आहे’ असे विचारले तर उत्तरही तसेच गुळमुळीत येईल, आणि उद्या न्यायालयात ‘हा आरोप आम्हाला कळवलाच नव्हता’ म्हणायला कंपनी मोकळी. मुदत निदान दोन-तीन कामाच्या दिवसांची असावी. शनिवारी रात्री पत्र पाठवून रविवारच्या अंकात ‘प्रतिसाद मिळाला नाही’ लिहिणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. फोनवर बोललात तर बोलणे संपल्यावर लगेच ‘आताच्या संभाषणात आपण असे सांगितलेत’ असा संदेश पाठवून ठेवा.

मग वाक्ये तपासा. समजा, शापोरा नदीच्या काठावरच्या एखाद्या धक्क्याविषयी कोणी लिहिले: ‘कंपनी रात्री चोरून रेती काढते, पंचायत विकली गेली आहे.’ एवढ्याशा वाक्यात तीन आरोप बसले आहेत. चोरी कंपनीची, लपवाछपवी कंपनीची, लाच पंचांची. तिन्हींचा पुरावा आहे का? बहुधा लिहिणाऱ्याने भरलेल्या होड्या पाहिल्या, एवढेच खरे असते. तर तेवढेच लिहावे: ‘१२ तारखेच्या रात्री साडेअकराला धक्क्यावर रेतीने भरलेल्या दोन होड्या उभ्या होत्या. त्या कोणाच्या, हे समजू शकले नाही. या ठिकाणी रेती काढण्याचा परवाना कोणालाही दिलेला नाही, असे खाण खात्याने माहिती अधिकाराखाली कळवले आहे. शेजारी काम करणाऱ्या कंपनीला विचारले असता उत्तर आले नाही.’ हे वाचून वाचकाला जे समजायचे ते समजते. कंपनीच्या वकिलाला मात्र हात घालायला जागा सापडत नाही. शेवटचे वाक्यही जपून. शेजारी काम करते एवढ्यावरून कंपनीचा संबंध सुचवायला तुमच्याकडे काही आधार नसेल, तर तिचे नाव घेऊच नये.

‘असे बोलले जाते’, ‘गावात चर्चा आहे’ ही कवचे कायद्यात चालत नाहीत. दुसऱ्याचा आरोप तुम्ही छापला की तो तुमचाही होतो. मथळा वेगळाच कोणी देतो आणि सगळा सांभाळून लिहिलेला मजकूर मथळ्यातल्या एका ‘लुटी’ने वाया जातो. म्हणून वार्ताहराने मथळा आधी विचारून घ्यावा. कार्यालयातल्या लोकांना त्याचा कंटाळा आला तरी चालेल.

काही कागद मात्र इतरांपेक्षा जास्त मजबूत असतात. विधानसभेत मंत्र्याने दिलेल्या लेखी उत्तराचे किंवा झालेल्या चर्चेचे प्रामाणिक, मुळाबरहुकूम वृत्त देण्याला राज्यघटनेच्या ३६१-अ कलमाचे संरक्षण आहे. न्यायालयीन कामकाजाच्या खऱ्या वृत्तालाही कायद्यात वेगळे संरक्षण आहे. आपल्या आमदाराने कंपनीच्या परवान्यांविषयी तारांकित प्रश्न विचारला असेल तर त्या उत्तराची प्रत सोन्यासारखी जपा. शहा आयोगाचा गोव्याच्या खाणींवरचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. ‘बेकायदा खाणकामामुळे राज्याचे ३५,००० कोटींचे नुकसान झाल्याचा शहा आयोगाचा अंदाज होता’ हे वाक्य सुरक्षित आहे. ‘खाणवाल्यांनी ३५,००० कोटी खाल्ले’ हे नाही, आणि त्यात एखाद्या कंपनीचे नाव घातले तर मुळीच नाही. ग्रामसभेला मात्र विधानसभेसारखे कवच नाही. तिथे कोणी तावातावाने काय म्हटले ते जसेच्या तसे छापण्यापेक्षा संमत झालेला ठराव आणि पंचायतीच्या इतिवृत्ताची प्रमाणित प्रत घ्या.

एवढे सगळे सांभाळूनही नोटीस येऊ शकते. ती दिसते कशी, ते सांगतो. पोस्टाने आलेला जाड लिफाफा, मुंबई, दिल्ली किंवा पणजीच्या वकिलाचे नक्षीदार शीर्षपत्र, मग ‘आमच्या अशिलाच्या सूचनेवरून’. पुढे क्रमांक घातलेले दहा-पंधरा परिच्छेद. पहिल्या चारांत कंपनी किती थोर, किती जणांना नोकऱ्या देते, शाळेला संगणक कधी दिले. मधल्यांत तुमचा लेख कसा खोटा आणि कुहेतूने लिहिलेला. शेवटी सात किंवा पंधरा दिवसांची मुदत, बिनशर्त माफी, लेख मागे घेणे आणि एक भलामोठा आकडा. नोटीस पहिल्यांदा वाचताना घाम फुटतो. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसा आणि एकच गोष्ट शोधा: लेखातले नेमके कोणते विधान खोटे आहे आणि खरे काय आहे, हे नोटिशीत कुठे सांगितले आहे का? पुष्कळदा सांगितलेले नसते. सांगितले असेल तर तो परिच्छेद गंभीरपणे घ्या.

नोटीस म्हणजे न्यायालय नव्हे. पण नुसत्या नोटिशीनेही काम होते, हे २०१७ मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त दिसले. अदानी समूहाविषयीच्या लेखावरून वकिलाची नोटीस आली, दावा झालेलाच नव्हता. तरी चालक विश्वस्त मंडळाने लेख काढायला लावला आणि संपादक परंजय गुहा ठाकुरता यांनी राजीनामा दिला. विश्वस्तांचा राग आणखी एका गोष्टीवर होता: संपादकांनी त्यांना न कळवता वकिलामार्फत संस्थेच्या नावाने उत्तर पाठवले होते. तेव्हा वार्ताहर असाल तर नोटीस त्याच दिवशी संपादकाला, आणि संपादक असाल तर मालकाला दाखवा. लपवून ठेवलेली नोटीस पुढे तुमच्याच माणसांना तुमच्यावर उलटवते.

लिफाफा फाडून फेकू नका, त्यावरच्या शिक्क्याची तारीख लागते. लेख, टिपणे, फोटो, फोनमधले संदेश यांतले काही पुसू नका. घाबरून पुसलेली गोष्ट पुढे लपवाछपवी म्हणून दिसते. कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याशी फोनवर समेटाचे बोलू नका. तो भला माणूस असेलही, पण तुमचे ‘चुकलेच आमचे’ त्याच्या वकिलाच्या फायलीत जाईल. मोबाइलवर नोटिशीचा फोटो टाकून ‘बघा, आम्हाला घाबरले’ अशी फुशारकी तर नकोच. उत्तर वकिलाकडून, थोडक्यात, मुद्द्याला धरून जाऊ द्या. नोटिशीला उत्तर देण्याची सक्ती नाही, पण कागदांच्या प्रती जोडून दिलेले शांत उत्तर पुष्कळ प्रकरणे तिथेच थंड करते.

याच वेळी वकिलाला कॅव्हेटविषयी विचारा. लहान प्रकाशकाच्या हातातले हे सर्वांत स्वस्त शस्त्र, आणि सर्वांत विसरलेले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली तुम्ही न्यायालयाला कळवून ठेवता की अमुक कंपनी माझ्याविरुद्ध मनाई मागायला येईल, तेव्हा मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. त्याची प्रत पोस्टाने, पोचपावतीसह, कंपनीलाही पाठवावी लागते, म्हणजे तुम्ही जागे आहात हे तिलाही कळते. कॅव्हेट ९० दिवस चालते. पेडणे, म्हापसा, डिचोली, पणजी यांपैकी कुठे घालायचे ते दाव्याची संभाव्य रक्कम आणि कंपनीचा पत्ता पाहून वकील ठरवील. सगळ्या देशभर घालता येत नाही, ही त्याची मर्यादा आहेच. ‘कॅरव्हान’ मासिकावर आयआयपीएम या संस्थेने दावा लावला तो आसामातल्या सिल्चरमध्ये. दोघांची कचेरी दिल्लीत होती. बदनामी जिथे झाली तिथे किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे दावा लावता येतो, या नियमाचा हा पसारा. त्याच नियमाची दुसरी बाजू डिचोलीकरांनी पाहिली आहे: खासदार संजय सिंग दिल्लीत बोलले, आणि मुख्यमंत्र्यांच्या पत्नी सुलक्षणा सावंत यांनी १०० कोटींचा दावा लावला डिचोलीच्या न्यायालयात.

एकतर्फी मनाईहुकूम आलाच, तर तो शेवट नसतो. ब्लूमबर्गने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी झी एंटरटेनमेंटच्या हिशेबांविषयी बातमी दिली. १ मार्चला दिल्लीच्या न्यायालयाने ती काढायला सांगितली, दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. २२ मार्चला सर्वोच्च न्यायालयात, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हुकूम रद्द केला. बातमी सकृद्दर्शनी खोटी किंवा कुहेतूची आहे का, याची छाननी न करता सुनावणीआधीच ती काढायला लावणे योग्य नाही, आणि पैशाच्या बळावर आवाज बंद करण्यासाठी लावलेल्या दाव्यांबाबत न्यायालयांनी सावध राहावे, असे त्यात आले आहे. युरोपीय संघाने अशा दाव्यांना आवर घालणारा निर्देश २०२४ मध्ये केला. माल्टाच्या पत्रकार दाफ्ने कारुआना गालिझिया यांची २०१७ मध्ये हत्या झाली तेव्हा त्यांच्यावर चाळीसहून अधिक दावे प्रलंबित होते. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. त्यामुळे ब्लूमबर्गचा निकालच वकिलाच्या हाती द्यावा. हुकूम रद्द होईपर्यंत मात्र तो पाळा, नाहीतर अवमानाचे लचांड मागे लागते.

मोफत कायदा साहाय्य मिळेलच असे धरून बसू नका. काही राज्यांच्या नियमांत अब्रूनुकसानीची प्रकरणे त्यातून वगळलेली असतात, तालुका विधी सेवा समितीत आधी विचारून घ्या. आणि समन्स आले तर काहीही होवो, तारखेला हजर राहा. गैरहजेरीत लागलेला निकाल उलटवायला दुप्पट खर्च येतो.

चूक आपलीच असेल तर? तर लवकर आणि ठळक दुरुस्ती करा, ज्या पानावर चूक छापली त्याच पानावर. २००८ मध्ये ‘टाइम्स नाऊ’ने भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्या एका न्यायमूर्तींऐवजी निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला. फोटो पडद्यावर होता पंधरा सेकंद. दिलगिरी मात्र आपणहून लगेच आली नाही, सावंत यांनी पत्र पाठवल्यावर आली. पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये १०० कोटींची भरपाई ठरवली आणि अपिलासाठी उच्च न्यायालयाने आधी २० कोटी रोख आणि ८० कोटींची बँक हमी मागितली. रक्कम अवाच्या सवा होती असे मलाही वाटते. पण पहिल्याच संध्याकाळी स्वच्छ दुरुस्ती दाखवली असती, तर सावंतांना पुण्याच्या कोर्टाची पायरी चढावी लागली असती का, याची शंकाच आहे. दुरुस्तीचा मसुदा वकिलाला दाखवा, फक्त चुकलेले विधान दुरुस्त करा, बाकीचा लेख मागे घेऊ नका. कंपनीने पाठवलेला माफीनामा तसाच्या तसा छापू नका, त्यात बहुधा तुम्ही न केलेल्या चुकांचीही कबुली घातलेली असते.

आणि फाइल. दिवाणी दाव्याला प्रसिद्धीपासून एक वर्षाची मुदत आहे, फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची. लेख छापला त्या दिवशीच जाड पुठ्ठ्याच्या फायलीवर दोन्ही तारखा लिहून ठेवा. आत कंपनीला पाठवलेले पत्र, पोस्टाची पावती, माहिती अधिकाराची उत्तरे, तारीख-वेळ असलेले मूळ फोटो, छापलेला अंक. पावसाळ्यात पेडण्यातल्या घरांना ओल धरते, तेव्हा सगळ्याची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि तिसरी वकिलाकडे.